एक सुपारी खाडीला

काशीदहून दिवेआगरला कसं जायचं, या प्रश्नावर आमच्या गाडीत दोन पक्ष होते. एका पक्षात मी आणि माझा मोबाइल. दुसऱ्या पक्षात माझी आत्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. महिन्याभरापूर्वी तिच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली होती आणि लांबचं सगळं पुन्हा लख्ख दिसायला लागल्यामुळे ती कुणाचंच ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती.

आत्याचं सासर बोर्ली पंचतन, दिवेआगरला लागून असलेलं गाव. माहेर मुरूड. ऑपरेशनसाठी ती आमच्याकडे ठाण्याला आली होती, तिला पोचवायला मी निघाले होते. माणगावमार्गे सरळ गेलं असतं तर दुपारच्या जेवणाला बोर्ली गाठता आली असती. पण तिलाच समुद्राकाठानं जायचं होतं. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीनं मांडवा, पुढं अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल आणि काशीद. ही रो-रो मार्च २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकरांना पेणच्या रस्त्याला वगळून अलिबाग गाठता येतं. काशीदला दोन रात्री राहिलो. आत्या सुरूच्या बनात खुर्ची टाकून बसायची आणि वाळूवर उंटावरून फेऱ्या मारणाऱ्या लोकांची मनापासून कीव करायची.

काशीद आणि दिवेआगर एकाच किनाऱ्यावर आहेत, पण मध्ये राजपुरीची खाडी आत घुसलेली. ओलांडायची तर तीन वाटा. आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी चढवायची आणि पलीकडे दिघीला उतरायचं. इकडे तिला सगळे जंगलजेटी म्हणतात. त्यातलं जंगल कोणतं आणि जेटी कोणती, हे विचारायचं नाही. दुसरी वाट राजपुरीच्या धक्क्यावरून लाँचची. ती माणसांसाठी, फार तर एखादी मोटारसायकल चार जण मिळून उचलून आत ठेवतात. तिसरी म्हणजे पाण्याच्या वाटेलाच जायचं नाही, खाडीच्या पार टोकाला वळसा घालून तळा-म्हसळ्याकडून यायचं. घाट-वळणं, डोंगर, आणि अर्धा दिवस खर्ची. गाडी नसेल तर मुरूडपर्यंत एसटी, मुरूड ते आगरदांडा रिक्षा, बोटीतून पायी दिघी, आणि दिघीला परत एसटी किंवा रिक्षा. सुटीच्या दिवशी दिघीला उतरल्यावर रिक्षावाले भाव करत नाहीत, सांगतात. तेव्हा पुढची गाडी आधी फोनवरच ठरवून ठेवलेली बरी.

"तू जा गं तुझ्या जंगलीनं," आत्या म्हणाली. "मी राजपुरीवरून लाँचनं येते."

"अगं, पण गाडी आहे ना आपल्याकडे!"

"गाडी तुझी आहे. खाडी माझी आहे."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. १९६८ साली लग्न झाल्यापासून ती राजपुरी ते दिघी हे पाणी ओलांडत आलेली. आधी शिडाच्या होडीनं, मग मशीन लावलेल्या होडीनं, मग लाँचनं. माहेरपणाला जाताना दिघीहून, परतताना राजपुरीहून. सासूनं पहिल्याच खेपेला तिच्या हातात एक सुपारी दिली होती, मध्यावर आलं की खाडीला सोडायची. तेव्हापासून तिनं एक खेप चुकवलेली नाही. त्या दिवशी तिनं कमरेच्या पिशवीतून दोन सुपाऱ्या काढल्या. एक स्वतःच्या मुठीत ठेवली, एक मला दिली.

"तूपण सोड. विसरशील."

मी ती गिअरजवळच्या खाचेत ठेवली.

काशीद ते मुरूड हा वीसेक किलोमीटरचा रस्ता बराचसा समुद्राला धरून जातो. डाव्या हाताला फणसाडचं अभयारण्य. कधीकाळी ती नवाबाची शिकारीची राई, १९८६ पासून अभयारण्य. नशीब असेल तर शेकरू दिसतं. आम्हाला माकडं दिसली. नांदगावला सिद्धिविनायकाला हात जोडून पुढे. मुरूडमध्ये शिरताना टेकाडावरचा नवाबाचा राजवाडा दिसतो. तो खाजगी मालकीचा, बाहेरूनच बघायचा. आत्या गाडीतूनच म्हणाली, "माझं माहेर नि सासर एकाच नवाबाच्या राज्यात. त्यामुळे परक्या मुलखात दिली असं म्हणायची सोय नव्हती." खरंच होतं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हे सगळं जंजिरा संस्थान. ते १९४८ मध्ये विलीन झालं आणि सगळे कुलाबा जिल्ह्याचे झाले. पुढं १९८१ मध्ये बॅरिस्टर अंतुल्यांनी कुलाब्याचा रायगड केला. अंतुले इथलेच, म्हसळ्याकडच्या आंबेतचे. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्यानं रस्ता काढायचं स्वप्नही त्यांचंच. त्या रस्त्यात आगरदांडा-दिघी पूलसुद्धा येतो.

राजपुरीला आत्याला धक्क्यावर सोडलं. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्यांपाशी शाळेच्या सहलीची ही झुंबड. मी तिला विचारलं, किल्ला बघायचाय का. "आता काय बघायचा? लहानपणी कलालबांगडीवर घोडा-घोडा खेळलोय." मग मला तिच्यासाठी लाँचवाल्याला तिकिटाचे पैसेही देऊ दिले नाहीत. मी आगरदांड्याकडे निघाले. वाटेत खोकरीचे घुमट लागतात. सिद्दी सरदारांच्या तीन कबरी, त्यांतली मोठी सिरुलखानाची. दगडातलं जाळीकाम बारीक आहे, आणि आवारात गेले तेव्हा माझ्याशिवाय फक्त दोन शेळ्या होत्या. जंजिऱ्याच्या रांगेत तास घालवणाऱ्यांनी इथं दहा मिनिटं दिली तर वाया जाणार नाहीत.

आगरदांड्याच्या जेटीवर गाड्यांची रांग. बोट आली, तिचा लोखंडी पुढा खाली पडला, चिखल आणि शेवाळ चेपलं गेलं, आणि लाल टीशर्टातला एक पोरगा हातवारे करत ओरडायला लागला. "घ्या, घ्या, घ्या... काटा. अजून काटा. आता सरळ. बास!" या "बास"वर गाडी थांबते तेव्हा शेजारच्या गाडीचा आरसा आणि आपला आरसा यांच्यात चार बोटं असतात आणि दार उघडून बाहेर पडायचं तर पोट आत ओढून. मी घाटात गाडी चालवते, ठाण्यात चालवते, पण या पोराच्या "काटा"ला मी अजून घाबरते. वर बाकांची जागा आहे, तिथं चढलं की सगळी खाडी उघडी होते. पश्चिमेला तोंडापाशी जंजिरा, पाण्यावर ठेवलेल्या काळ्या डब्यासारखा. त्याच्याही पलीकडे, उन्हात अंधुक, शिवाजीमहाराजांनी जंजिऱ्याला शह म्हणून बांधलेला पद्मदुर्ग. लोक त्याला कासा म्हणतात. समोर दिघीचा डोंगर आणि त्याच्या पायाशी बंदराच्या याऱ्या.

पंधरा-वीस मिनिटांत दिघी. त्या पंधरा मिनिटांत मी फोटो काढले, आणखी फोटो काढले, जंजिऱ्याच्या दिशेनं एखादी लाँच दिसते का पाहिलं. सुपारी गाडीतच राहिली.

दिघीच्या जेटीवर गाड्या उतरतात आणि एकमेकींच्या मागं लागून दिवेआगरकडे सुटतात. मीही दर खेपेला तेच केलं होतं. दहा-बारा वेळा तरी या गावावरून गेले असेन. गाडीतून जेवढं दिसतं तेवढंच गाव मला माहीत होतं. त्या दिवशी मात्र थांबणं भाग होतं, कारण आत्याचा फोन आला, "लाँच भरल्याशिवाय सोडत नाही म्हणतोय. अजून सहा माणसं पाहिजेत."

सहा माणसं जमायला दीड तास लागला. त्या दीड तासात दिघी माझ्या वाट्याला आली.

खालच्या अंगाला कोळीवाडा. होड्या वर ओढून ठेवलेल्या, एकीच्या बुडाला काळं फासणं चालू. वलांड्यांवर बोंबील लटकलेले, त्यांच्याखाली मांजरं शिस्तीत बसलेली. मुसलमान मोहल्ला, मशीद, गल्फच्या पैशातून उठलेली रंगीत घरं, काहींना कुलपं. चहाच्या टपरीवरच्या बाईंना मी विचारलं, इथं बघण्यासारखं काय आहे. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "इथं काय बघणार? बघायला लोक दिवेआगरला जातात." मग थोड्या वेळानं, कपबशी पुसत, "तो किल्ला बघा हवा तर. इथनं फुकट दिसतो."

फुकट आणि चांगला दिसतो. राजपुरीकडून जंजिरा समोरासमोर येतो. दिघीकडून बाजूनं दिसतो आणि त्याची लांबी कळते. बुरूज मोजायला लागलं की गोंधळ होतो, एकामागं एक दडतात. आहेत एकोणीस. दरवाजा राजपुरीच्या बाजूला, तोही अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही असा. शिवाजीमहाराजांना तो घेता आला नाही. संभाजीमहाराजांनी १६८२ मध्ये राजपुरीकडून समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली. तीही पुरी झाली नाही. सिद्दीच्या जाचानं इथली माणसं मात्र घाटावर गेली. दंडाराजपुरी आणि श्रीवर्धनची देशमुखी भटांकडे होती. त्यांच्यातला बाळाजी विश्वनाथ इथून निघाला, बाणकोटच्या खाडीपलीकडे गेला, मग वर साताऱ्याकडे, आणि १७१३ मध्ये पेशवा झाला. सिद्दीनं त्याला सुखानं नांदू दिलं असतं तर तो श्रीवर्धनातच सुपाऱ्या मोजत राहिला असता, असं आत्याचे यजमान म्हणायचे. ते स्वतः सुपाऱ्याच मोजायचे, त्यामुळे त्यांच्या आवाजात जराशी असूया असे.

उजवीकडे बंदर. त्याच्या फाटकाशी गेले तर रखवालदारानं लांबूनच हात हलवला. हे खाजगी बंदर बरीच वर्षं कर्जात रुतलं होतं. दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून २०२१ मध्ये ७०५ कोटींना अदानींच्या कंपनीकडे गेलं. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं देशात ज्या बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली त्यांत दिघीचं नाव आहे, जमीन मात्र आत माणगाव-रोह्याकडची. टपरीवाल्या बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव दिघीचं, गाव दुसऱ्याचं. आमचं असंच."

असंच म्हणजे काय, हे मी विचारलं नाही, अंदाज होता. १९९३ च्या जानेवारीत याच जेटीवर चोरटी शस्त्रं उतरली, फेब्रुवारीत पुढं शेखाडीच्या किनाऱ्याला आरडीएक्स, आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. रात्रीत चार माणसांनी केलेल्या कामाचं ओझं दोन्ही गावांनी वर्षानुवर्षं वाहिलं. आत्या सांगते, त्यानंतर मुंबईत कुणी गाव विचारलं तर त्या पट्ट्यातली माणसं "दिवेआगरजवळ" म्हणायची, पुढचं नाव गिळायची.

लाँच दिसली. जंजिऱ्याच्या अंगानं तिरकी येत होती, चांगलीच हलत होती. आत्या नाळेकडे बसलेली, पदर कानामागून घट्ट खोचलेला. उतरताना खलाशानं हात पुढं केला तर तिनं तो न घेता कठड्यावर पाय ठेवला. माझ्या पोटात गोळा.

"सोडलीस सुपारी?"

"अं... नाही. राहिली."

"वाटलंच. परत जाताना सोड."

आम्ही दोघींनी चहा घेतला. तिनं टपरीवाल्या बाईंकडे एक-दोन नावं काढली, मग माहेर कुठलं ते निघालं, आणि पाच मिनिटांत दोघींना ओळखीची तिसरी बाई सापडली, जी दोघींच्याही मते फार कंजूष होती. आत्यानं मला जुनी बांधाची जागा दाखवली, जिथं होडी लागायची. ओहोटी असली की होडी अलीकडेच थांबायची, मग साडी गुडघ्यापर्यंत धरून चिखलातून. डोक्यावर माहेरचा फणस घेतलेला गडी पुढं. बोर्लीपर्यंत एसटी मिळाली तर ठीक, नाहीतर बैलगाडी. जूनमध्ये वारा फिरला की तांडेल नुसती मान हलवायचा, आणि मग श्रावण उलटेपर्यंत माहेर बंद. "पहिली मंगळागौर माझी त्यामुळं सासरीच झाली. आई पलीकडे राजपुरीला येऊन उभी राहिली होती म्हणे. पाणी बघून परत गेली."

"आणि आता पूल होणार," मी म्हटलं.

"होऊ दे की. मला काय, मी लाँचनंच येणार."

दिघीपासून पुढचा रस्ता फार कुणी बघत नाही, कारण बोटीतून उतरलेल्यांना घाई असते. आदगाव आणि वेळास हे दोन किनारे वाटेत लागतात. हे श्रीवर्धन तालुक्यातलं वेळास; कासवांचं वेळास बाणकोट खाडीपलीकडे, मंडणगडात. नकाशानं फसवलेली माणसं इथं कासवं विचारत येतात. वेळासच्या पुळणीवर आम्ही दोघी आणि एक बैल एवढेच होतो. काशीदहून आल्यावर ते फार बरं वाटलं.

दिवेआगरला आल्यावर आधी सुवर्णगणेश. १९९७ च्या नोव्हेंबरात सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात सोन्याचा मुखवटा. गाव त्यानंतर बदललं. घरोघर पाहुणे, ओटीवर पाट मांडून मोदक. २४ मार्च २०१२ च्या रात्री दरोडा पडला, दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा वितळवला गेला. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. मला दर वेळी मुखवट्याआधी ते दोघे रखवालदार आठवतात. गावातलं जुनं सोनं खरं तर वेगळंच आहे: इथं सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा ताम्रपट. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो मोजतात. ज्ञानेश्वरीच्या आधी सव्वादोनशे वर्षं इथली माणसं आपला व्यवहार मराठीत तांब्यावर कोरून ठेवत होती. पाहुणे मोदकांचं विचारतात, ताम्रपटाचं कुणी विचारत नाही, असं देवळाजवळच्या दुकानदाराचं म्हणणं. त्याच्याकडेही मोदकच होते.

बोर्लीला आत्याच्या घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. वाडीत शिरताना ती गप्प झाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच पट्ट्यावर आलं. तिच्या वाडीत दीडशेच्या वर पोफळी होत्या, सकाळी उभ्या, संध्याकाळी सतरा उरल्या. बाकीच्या मधूनच मोडलेल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात. तिनं त्याच पावसात रोपं लावली, वय त्र्याहत्तर असताना. आता ती डोक्याच्या वर गेली आहेत आणि चार-पाचांना पहिले शिंपुटे आले आहेत. नव्या डोळ्यांनी तिनं ते एकेक बघितले. खळ्यात जुन्या झाडांच्या सुपाऱ्या वाळत होत्या. श्रीवर्धनी रोठा, फोडली की आत पांढरी जास्त आणि तांबूस रेघा कमी, अडकित्त्याखाली मऊ. व्यापारी तिला वेगळा भाव देतात.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच पुढं जाऊन आले. भरडखोलची मासळीची घाई, मग शेखाडी-आरावीचा रस्ता, उजवीकडे समुद्र इतका खेटून की भरतीला काचेवर तुषार. कोकणातला याहून देखणा रस्ता मला माहीत नाही, आणि देखणा आहे म्हणूनच तिथं गाडी चालवणाऱ्यानं समुद्राकडे बघू नये. श्रीवर्धनला लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि पेशव्यांचं स्मारक. हरिहरेश्वरला कालभैरव, आणि खडकांवरून जाणारी प्रदक्षिणेची वाट. ती फक्त ओहोटीला. भरतीची वेळ देवळात विचारल्याशिवाय पायऱ्या उतरू नयेत. पलीकडे बागमांडल्याहून वेश्वीची बोट आहे. ती घेतली की केळशी, आंजर्लं, दाभोळ. दाभोळला परत बोट, गुहागर. तवसाळला आणखी एक, आणि जयगडवरून गणपतीपुळे. चार खाड्या, चार बोटी. रजा असती तर गेलेही असते.

परतीच्या दिवशी आत्यानं मागच्या सीटवर शहाळी, कोकम, सोडे आणि एक सुरण असा संसार भरला. सुपारी खाचेतच होती. तिनं ती हात लावून तपासली.

दिघीला बोटीत गाडी लावली, पोट आत ओढून बाहेर पडले आणि यावेळी सुपारी मुठीत घेऊन वर जाऊन बसले. शेजारी एक म्हातारे बाबा होते, पांढरी टोपी, मांडीवर पानाची चंची. बोट मध्यावर यायला अजून अवकाश होता. त्यांची नजर माझ्या मुठीकडे गेली.

"कुठली?"

"बोर्लीची."

"रोठा दिसते." त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं, बघायला मागतायत. मी दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली, नाकाशी नेली, चंचीतून अडकित्ता काढला आणि मी काही म्हणायच्या आत मधोमध कातरली. आत पांढरीशुभ्र. "वा," ते म्हणाले, निम्मी स्वतःच्या पानात घातली आणि निम्मी माझ्या तळहातावर ठेवली.

तेवढ्यात फोन वाजला. "मध्यावर आलीस का गं? सोडलीस?"

बाबा डोळे मिटून चघळत होते. मी माझी निम्मी गालात सरकवली.

"हो आत्या," मी म्हटलं. "गेली खाडीत."